‘पाण्याकडे बघत बसणं’ : युट्रेक्टच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, एक रात्र मधे जाऊ दिली. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. कालव्याच्या काठी पाण्याकडे बघत बसणं म्हणजे शहर बघणं नाही, तो रिकामपणा आहे, उथळ वेळकाढूपणा आहे. नेदरलँड्समधल्या युट्रेक्टला जाऊन मी डोम या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावर चढले नाही, वास्तुरचनाकार रीटव्हेल्टचं घर पाहिलं नाही. लेखात एकाही स्थानिक माणसाशी झालेलं बोलणं नाही. तिकिटांचा तपशील नाही. टूरबरोबर त्याच दिवसात तीन शहरं झाली असती. असा लेख म्हणजे ‘वाचकांची फसवणूक’. आणि शेवटी, ‘या वयात एकटीने फिरण्याचं भांडवल’ मी आता थांबवावं.

तिकिटांबद्दलचं म्हणणं रास्त आहे. अ‍ॅमस्टरडॅमहून युट्रेक्ट रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर आहे. भाडं, पास वगैरे तपशील मूळ लेखाखाली जोडते.

आता वयाबद्दल. लेखात माझं वय कुठेच आलेलं नाही, ते तुम्ही फोटोवरून काढलंत. आक्षेप शहराबद्दल घ्यायचा होता तर माझ्या केसांकडे बघायचं काय कारण होतं? या ब्लॉगवर माझ्याशी कडाडून वाद घालणारे पुष्कळ वाचक आहेत, त्यातले काही तर घरच्यासारखे झालेत. पण ते मुद्द्यावर भांडतात. एकटी बाई फिरते आणि त्यावर लिहिते याचा त्रास कुणाला होत असेल, तर तो त्यांनी स्वतःपाशी ठेवावा. शिवाय तुम्ही नावही लिहिलेलं नाही. माझं नाव या पानावर ठळक अक्षरांत आहे.

तर, ‘पाण्याकडे बघत बसणं’.

माझे वडील पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नीरा डाव्या कालव्यावर त्यांची बरीच नोकरी झाली. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीचं पाणी, सुटलं की आप्पा सायकलवर कालव्याच्या भरावावरून निघायचे आणि शाळेला सुट्टी असली की मी कॅरियरवर. कुठे पाझर लागलाय, कुठल्या चारीचं दार रात्रीतून कुणी उचललं, हे त्यांना काठावरच्या ओलीच्या रेषेवरून कळायचं. सायकल उभी करून ते नुसते बघत राहायचे. मला कंटाळा यायचा तेव्हा म्हणायचे, पाणी घाईत असलेल्या माणसाला काही सांगत नाही. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या टोकाच्या गावांना पाणी पोचेल की नाही, हे ते त्या बघत बसण्यातून सांगत आणि शेतकरी त्यावर पेरणी ठरवत. तुम्ही ज्याला रिकामपण म्हणता, त्यावर माझं घर चाललं आहे.

तीच नजर घेऊन मी आउडेग्राख्त या युट्रेक्टच्या जुन्या कालव्याच्या काठी बसले. आणि काय दिसलं ते लेखात लिहिलंय, पण तुम्ही बहुधा तिथपर्यंत पोचला नाहीत, म्हणून पुन्हा लिहिते. तिथे रस्ता वर आहे आणि पाणी खूप खाली. मधे पाण्यालगत दगडविटांचा रुंद धक्का, त्यावर झाडं, आणि धक्क्याकडे उघडणारी तळघरांची कमानी दारं. 1122 मध्ये वरच्या अंगाला ऱ्हाइन नदीच्या फाट्यावर बांध घातला गेला. त्याच वर्षी युट्रेक्टला नगराचे हक्क मिळाले. नदीने पाठ फिरवल्यावर गावाने स्वतःचे कालवे खणून व्यापार धरून ठेवला. पुढे पाण्याची पातळी खाली राहिली आणि स्थिरावली, तसे काठाच्या व्यापाऱ्यांनी आपल्या घराच्या तळघरातून रस्त्याखालून थेट धक्क्यापर्यंत बोगदे काढले. जहाज लागलं की माल रस्त्यावर न चढवता सरळ घरात.

हे कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल, असं तुम्ही म्हणाल. मिळेल. पण मी बसले होते तिथे सकाळी एक बॅटरीवर चालणारी मालवाहू बोट आली. आवाज जवळपास नाहीच. तिच्यावरच्या छोट्या क्रेनने बिअरचे क्रेट धक्क्यावर उतरवले. एप्रन बांधलेला एक मुलगा कमानीतून बाहेर आला आणि दाराच्या उंबऱ्याशी झिजून खोलगट झालेल्या दगडावरून ट्रॉली आत ढकलत गेला. पाण्यातून धक्का, धक्क्यावरून तळघर. वरच्या अरुंद रस्त्यावर ट्रक नको, म्हणून तिथल्या नगरपालिकेने ही बोट चालवली आहे. शेकडो वर्षांपूर्वीची वाट आज कामाला येते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. टूरची बस तेव्हा कुठे असते? मीही टूरने फिरले आहे. एका कंपनीने व्हेनिसमध्ये आम्हाला कालव्यापेक्षा काचेच्या दुकानात जास्त वेळ ठेवलं होतं. तीन शहरं अशीच ‘होतात’.

तिथून चालत मी उत्तरेच्या वेर्डस्लाउस या जलदारापाशी गेले. वसंतात मासे अंडी घालायला वरच्या पाण्याकडे निघतात, आणि नेमके त्याच दिवसांत बोटी कमी असल्याने दार फारसं उघडत नाही. 2021 पासून तिथे पाण्याखाली कॅमेरा आहे. जगात कुठेही बसलेला माणूस इंटरनेटवर बघतो, मासा दिसला की बटण दाबतो, आणि मासे खोळंबलेत हे दारावरच्या माणसाला कळतं. लाखो माणसं हे करतात. म्हणजे पाण्याकडे नुसतं बघत बसतात आणि त्यातून एक दार उघडतं. त्यांनाही तुम्ही उथळ म्हणणार का?

आणि कातराइनेसिंगल. जुन्या तटाबाहेरचा हा खंदक. 1970 च्या दशकात त्याचा एक भाग कोरडा करून तिथे मोटाररस्ता केला होता. 2002 मध्ये लोकांनी मतदान करून शहराची नवी आखणी निवडली, रस्ता उखडला, आणि 2020 मध्ये पाण्याचं कडं पुन्हा पूर्ण झालं. मी तिथे गेले तेव्हा लोक त्यात वल्ही मारत होते. रस्ता काढून पाणी परत आणणारं शहर मी पाहिलं. आपल्याकडे ओढे बुजवून त्यावर काय उभं राहतं हे आयुष्यभर बघितलेल्या बाईला त्या काठावरून उठवत नव्हतं. त्याला तुम्ही वेळकाढूपणा म्हणालात, ते मला लागलं.

बाकीच्या गोष्टींवर फार लिहीत नाही. डोमचा मनोरा 112 मीटर उंच आहे, 465 पायऱ्या आहेत. चढायचं त्याने चढावं. मला त्याच्या पायथ्याची मोकळी जागा महत्त्वाची वाटली. 1 ऑगस्ट 1674 च्या वादळात चर्चचा मधला भाग कोसळला, तेव्हापासून मनोरा एकीकडे आणि उरलेलं चर्च दुसरीकडे. रीटव्हेल्टचं घर 1924 चं, जागतिक वारसा आहे, पण तो विषय वेगळ्या लेखाचा. स्थानिक माणसांशी बोलले की नाही, हे लेखात आलं नाही म्हणजे घडलं नाही असं नसतं.

‘वाचकांची फसवणूक’ हा शब्द मात्र मी सोडणार नाही. लेखात पाहिलं नाही ते पाहिलं असं कुठे लिहिलंय, ते वाक्य दाखवा. सापडलं नाही तर शब्द मागे घ्या, इथेच, सगळ्यांसमोर. प्रतिक्रिया मी उडवलेली नाही आणि उडवणारही नाही. फक्त पुढच्या वेळी नावानिशी लिहा, आणि माझं वय त्यातून वगळा.