‘ड’ जीवनसत्त्व, प्रतिकारशक्ती आणि सोलापूरचे ऊन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘ड’ जीवनसत्त्व आणि प्रतिकारशक्ती यांच्यावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपले आक्षेप तीन आहेत : सोलापूरसारख्या उन्हाच्या गावात ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता असूच शकत नाही, प्रतिकारशक्तीशी त्याचा संबंध हा औषध-धंद्याने रुजवलेला समज आहे, आणि मोठ्या चाचण्यांत उपयोग दिसला नसताना असे लेख लोकांना या जीवनसत्त्वाच्या पुड्यांच्या नादी लावतात. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे.

उन्हाचे आधी सांगतो. हे जीवनसत्त्व त्वचेत तयार होते ते २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांमुळे. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत, आणि सूर्य खाली असताना जमिनीपर्यंत फारसे पोहोचतही नाहीत. पारा ४२ अंशांवर गेला की सोलापूरकर ज्या वेळी दारे लावून घरात बसतो, नेमकी तीच या किरणांची वेळ. यंत्रमागावर दिवसभर छपराखाली उभा असलेला कामगार, घरात बसून विड्या वळणारी बाई आणि तोंडाला स्कार्फ बांधून दुचाकीवरून कॉलेजला जाणारी मुलगी, यांच्या त्वचेला ते ऊन लागते तरी किती? त्यात सावळ्या त्वचेला तेवढेच जीवनसत्त्व तयार करायला अधिक वेळ लागतो.

आता प्रतिकारशक्ती. ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप मूत्रपिंडात तयार होते आणि ते हाडांसाठी असते, हे आपण लिहिलेत ते खरे. परंतु हे रूप तयार करणारे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) आपल्या महाभक्षक पेशींतही, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींतही असते. क्षयाच्या जंतूची चाहूल लागली की या पेशी रक्तातले ‘ड’ जीवनसत्त्व घेऊन ते स्वतःच सक्रिय करतात आणि त्यातून कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन निर्माण होते, हे २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. रक्तात हे जीवनसत्त्व कमी असेल तर कॅथेलिसिडिनही कमी तयार होते. हेच सक्रिय रूप टी पेशींना (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) मात्र आवर घालते : दाह, म्हणजे शरीराची सूज आणणारी प्रतिक्रिया, भडकवणारी रसायने कमी करते आणि दाह शमवणाऱ्या नियामक पेशींना बळ देते. म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हे जाहिरातीतले वाक्य मला मुळीच मान्य नाही. ऱ्हुमॅटॉइड संधिवातासारख्या स्वयंप्रतिकार रोगांत, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा रोगांत, तर प्रतिकारशक्तीचा अतिरेक हेच दुखणे असते. हे जीवनसत्त्व प्रतिकारशक्तीचे नियमन करते.

प्रयोगशाळेत दिसलेले माणसात उतरतेच असे नाही, हा आपला मुद्दा मला मनापासून पटतो. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर झालेली चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. ती मुले उन्हाला पारखी होती, बहुतेकांमध्ये कमतरता होती, तीन वर्षे दर आठवड्याला १४,००० युनिट देऊन ती भरूनही निघाली, तरी क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही. श्वसनमार्गाच्या संसर्गांबाबत अनेक चाचण्यांच्या २०१७ च्या एकत्रित विश्लेषणात फायदा दिसला होता, विशेषतः तीव्र कमतरता असलेल्यांना आणि रोज किंवा दर आठवड्याला मात्रा घेणाऱ्यांना. नव्या चाचण्या मिळवल्यावर तो फायदा जवळजवळ विरून गेला. उलट अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर सुमारे पाच वर्षे चाललेल्या चाचणीत रोज २,००० युनिट घेणाऱ्यांमध्ये स्वयंप्रतिकार रोग २२ टक्क्यांनी कमी आढळले. दाहाच्या बाजूने आशा आहे आणि संसर्गाच्या बाजूने ती क्षीण आहे, असे माझे मत यावरून बनले आहे.

आजारी माणसांच्या रक्तात ‘ड’ कमी सापडते, एवढ्यावरून कमतरतेने आजार झाला असे म्हणता येत नाही, कारण दाह सुरू झाला की रक्तातली पातळी आपोआप खाली येते. शस्त्रक्रियेनंतरही ती घसरते. तपासणीचा कागद हातात धरून प्रत्येक थकव्याचे खापर या जीवनसत्त्वावर फोडणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. निरोगी प्रौढांनी सरसकट तपासणी करू नये, असे एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ साली सुचवले आहे.

पुड्यांबद्दल आपला संताप मला रास्त वाटतो. एका चाचणीत सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिले, तर त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे वाढले. आपल्या मातोश्री वर्षभरापासून दर आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी दुकानातून परस्पर आणून घेत आहेत, असे आपण लिहिले आहे. ही मात्रा साधारणतः आठ आठवड्यांपुरती असते. पुढे रोजची अल्प मात्रा पुरते. अतिरेकाने रक्तात कॅल्शियम वाढून भूक मंदावते, बद्धकोष्ठता होते, सारखी तहान लागते आणि मूतखड्याचा धोका संभवतो. पुढची पुडी देण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे न्यावे आणि ‘ड’ जीवनसत्त्वासोबत कॅल्शियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातील घटक) यांचीही तपासणी करून घ्यावी, ही विनंती.