शाळेची हद्द आमच्या गल्लीच्या मधोमध

गेल्या रविवारी सकाळी १० वाजता मी आणि माझी लेक घरून पायी निघालो. आठवी पास झाली ती. जूनअखेर शाळा उघडली की नववीत जाईल, पण आता दुसऱ्या शाळेत. कोणत्या शाळेत, ते आम्हाला भिंतीवर लावलेल्या एका यादीतून कळलं. यादीत अंतर लिहिलं होतं दीड किलोमीटर. म्हटलं, एकदा चालून तर पाहू.

पूर्व नागपुरात राहणाऱ्यांच्या हा रस्ता लगेच डोळ्यांसमोर येईल. वस्तीतून बाहेर पडलं की आधी रेल्वेचं फाटक. ते बंद होतं. मालगाडी रखडत रखडत गेली, ९ मिनिटं आम्ही उन्हात उभ्या. तेवढ्यात दोन-तीन पोरं सायकली आडव्या करून दांड्याखालून निघूनही गेली. त्यापुढे भंडारा रोड, आणि कळमना मार्केटचे ट्रक. जिथे दुभाजक फुटलेला आहे तिथूनच सगळे रस्ता ओलांडतात, कारण जवळपास दुसरी जागाच नाही. तिथे लेकीने माझा हात धरला. एरवी मैत्रिणी दिसल्या की हात सोडवून घेणारी पोरगी ती. नव्या शाळेच्या गेटवर पोचलो तेव्हा मोबाईलने २.६ किलोमीटर दाखवलं आणि निघाल्यापासून ४१ मिनिटं झाली होती. जुनी शाळा ११ मिनिटांवर आहे आणि वाटेत एकही मोठा रस्ता नाही.

दीड किलोमीटर हा आकडा खोटा नाही. नकाशावर घरापासून शाळेपर्यंत पट्टी ठेवली तर तेवढंच येतं. पोरीला मात्र फाटक आणि हायवे धरून जायचंय.

झालं असं की आमच्या भागातल्या शाळेचे नववी-दहावीचे वर्ग या सत्रापासून बंद होताहेत. पटसंख्या कमी झाली, म्हणून वस्त्या दोन शाळांमध्ये वाटून दिल्या. शाळेचं नाव लिहीत नाही, तिथल्या शिक्षकांनी माझ्या लेकीला फार जीव लावून शिकवलंय आणि निर्णय त्यांचा नाही. वाटणी करताना हद्द म्हणून आमची गल्लीच धरली. गल्लीच्या डाव्या हाताची घरं एका शाळेकडे, उजव्या हाताची दुसरीकडे. समोरच्या घरातली माझ्या लेकीची मैत्रीण आता उलट्या दिशेला जाणार. बालवाडीपासून दोघी जोडीने शाळेत जातात.

ही जोडी तुटण्याची गोष्ट कुणाला किरकोळ वाटेल. आमच्या वस्तीत ती सगळ्यात मोठी आहे. इथल्या मुली घोळक्याने शाळेत जातात. पाच जणी बरोबर असल्या तर आई बिनधास्त कामाला जाते. एकटी जायची वेळ आली की पहिल्या पावसात खाडे सुरू होतात, मग बाप म्हणतो राहू दे, मग पोरगी घरकामाला आईच्या हाताखाली. हे मी ऐकीव सांगत नाहीये, माझ्या धाकट्या नणंदेचं शिक्षण असंच नववीत सुटलं. शेजारच्या काकूंच्या घरी तर वेगळाच पेच आहे. त्यांची मोठी रोज धाकट्या भावाला बोटाला धरून त्याच शाळेच्या तिसरीत सोडायची आणि आपल्या वर्गात जाऊन बसायची. काकू सकाळी ७ ला चार घरची धुणीभांडी करायला निघतात. परवा मला म्हणाल्या, "ताई, पोरीले तेवढ्या दूर धाडू, का पोराले शाळेत सोडाले घरी ठेवू, तुम्हीच सांगा जी." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता सभेबद्दल. पालकांना विचारलं होतं, सभा झाली होती, असं आम्हाला सांगतात. झाली होती खरी. एप्रिलमध्ये, परीक्षा सुरू असताना, आदल्या रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅपवर निरोप आला की उद्या ११ वाजता पालकसभा. विषय लिहिलेला नव्हता. सकाळी ११ वाजता आमच्या वस्तीतले बाप बांधकामावर किंवा मार्केटमध्ये हमालीला असतात, आया दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात. आम्ही ९ जणी आलो. एका साहेबांनी वीस मिनिटं सांगितलं की मुलांचं भलं होणार आहे, मोठी शाळा मिळेल. एकीने विचारलं, बस मिळेल का? "ते नंतर पाहू." मग रजिस्टर फिरलं, हजेरीच्या सह्या करा म्हणाले. आम्ही केल्या.

मे महिन्यात मी त्या साहेबांच्या कार्यालयात गेले, कारण मला ठराव पाहायचा होता. दोन फेऱ्यांनंतर रजिस्टर समोर आलं. आमच्या ९ सह्या होत्या, माझी सातवी. त्यांच्या वर, जी जागा सही करताना कोरी होती तिथे, निळ्या पेनाने एक ओळ लिहिलेली होती: उपस्थित पालकांनी समायोजनास एकमताने संमती दिली. समायोजन म्हणजे आमच्या मुलांना दुसऱ्या शाळांत वाटून देणं.

ती ओळ वाचून माझे हातपाय गार पडले. माझ्या सहीने माझ्या शेजारणीच्या पोरीची शाळा गेली, असा त्याचा अर्थ होतो. मी तिथल्या बाईंना म्हटलं, ही सही हजेरीची आहे. त्या म्हणाल्या, ताई, पद्धतच अशी आहे. माझी सगळी तक्रार या पद्धतीबद्दल आहे.

मी वर्ग एकत्र करण्याच्या सरसकट विरोधात नाही. आमच्या शाळेत गणिताला आणि विज्ञानाला एकच शिक्षक होते, प्रयोगशाळेच्या खोलीत जुने बाक रचून ठेवलेले. संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे सरकार ठरवतं त्यात, शिक्षकांची पदं पटावर ठरतात, पट घसरला की पद जातं, पद गेलं की उरलेली मुलं दुसरी शाळा शोधतात. हे चक्र मला कळतं. नव्या शाळेत प्रयोगशाळा सुरू आहे, मैदान आहे, ते मी रविवारी पाहिलं आणि लेकीला आवडलंही. फाटकापलीकडे सोडणारी एक बस सकाळ-संध्याकाळ दिली असती, गल्ली न फोडता सगळ्यांना एकाच शाळेत टाकलं असतं, तर आमच्यापैकी बऱ्याच जणी हो म्हणाल्या असत्या. पण हे सांगायला आधी कुणी विचारायला तर हवं.

कायदा काय म्हणतो ते मी या दोन महिन्यांत वाचलं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी, असं आपल्या राज्याच्या नियमांत आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पण हा कायदा सहा ते चौदा वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. नववीत पाय ठेवला की शेजारच्या शाळेचा हक्क संपतो. नेमकं ज्या वयात मुलीला घरी बसवायची घाई होते, त्याच वयात. नवीन शैक्षणिक धोरण २०२० तीन ते अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा करतं, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे.

शाळेच्या हद्दीचा एक किलोमीटर किती महत्त्वाचा असतो, हे सगळ्या महाराष्ट्राने २०२४ मध्ये पाहिलंय. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने ठरलं की १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के राखीव प्रवेश द्यायची गरज नाही. गरिबांच्या मुलांना त्या शाळांची दारं बंद झाली. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या, मे महिन्यात स्थगिती आली आणि १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. स्थगितीनंतर सगळी प्रवेश प्रक्रिया नव्याने करावी लागली, मुलांचे आठवडेच्या आठवडे वाया गेले.

आणि विचारायची पद्धत आपल्याला माहीत नाही असंही नाही. याच नागपुरात महापालिकेच्या निवडणुकीसाठी ३८ प्रभाग, १५१ नगरसेवक अशी रचना होते, तेव्हा आधी प्रारूप जाहीर होतं. नकाशा लागतो, हद्द कोणत्या नाल्यावरून, कोणत्या रस्त्यावरून जाते ते शब्दांत लिहिलेलं असतं. हरकती आणि सूचना मागवतात, त्यावर सुनावणी होते आणि मगच अंतिम रचना येते. माझं मत कोणत्या प्रभागात मोजायचं यासाठी एवढं सगळं करता, मग माझी पोरगी रोज कोणत्या रस्त्याने जाणार यासाठी रात्री साडेनऊचा व्हॉट्सअॅप?

माझी मावसबहीण नोकरीमुळे स्कॉटलंडला असते. तिकडे पत्त्यावरून माध्यमिक शाळा ठरते, प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या शाळेच्या हद्दीत येतं. तिच्या भागात हद्द बदलायचं चाललं होतं, तेव्हा तिने मला फोनवर वाचून दाखवलं होतं. त्यांचा २०१० चा कायदा आहे. शाळा बंद करायची किंवा हद्द बदलायची तर आधी लेखी प्रस्ताव काढायचा, मुलांचा शैक्षणिक फायदा काय ते त्यात लिहायचं. किमान सहा आठवडे लोकांचं म्हणणं ऐकायचं, आणि त्यात शाळेचे किमान ३० दिवस आलेच पाहिजेत, म्हणजे सुट्टीत गुपचूप उरकता येत नाही. जाहीर सभा घ्यायची. शाळेतल्या मुलांनाही विचारायचं. तपासणी करणारी वेगळी सरकारी संस्था आपला अहवाल देते. मग कोण काय म्हणालं आणि त्याचं काय केलं हे छापून काढायचं, आणि ते छापल्यावर तीन आठवडे थांबून मगच निर्णय. तिथेही भांडणं होतात, सगळे खूश होत नाहीत, हे बहिणीनेच सांगितलं. पण कुणाच्या सहीवर मागाहून ओळ लिहिली जात नाही.

मला त्यातलं मुलांना विचारायचं फार पटलं. रविवारी परत येताना लेक म्हणाली, "आई, फाटकाच्या अलीकडून शाळेच्या मागच्या बाजूला एक पायवाट जाते, पण मध्ये नाला आहे. तिथे छोटा पूल झाला तर आम्हाला हायवेवर यायलाच नको." मी या वस्तीत १७ वर्षं राहते, मला ती वाट माहीत नव्हती. पोरं तिथून बोरं तोडायला जातात.

आमची मागणी आम्ही लेखी दिलीय, पोचपावती घेतलीय. वस्त्यांची वाटणी या सत्रापुरती थांबवा. हद्दीचा नकाशा शाळेच्या, रेशन दुकानाच्या आणि दवाखान्याच्या भिंतीवर लावा, मराठी आणि हिंदीत. सभा रविवारी किंवा संध्याकाळी ७ नंतर घ्या, विषय आठ दिवस आधी कळवा. अंतर चालून मोजा. हजेरीचं पान वेगळं आणि संमतीचं वेगळं ठेवा, आणि संमतीच्या पानावर मजकूर आधी लिहून, वाचून दाखवून मग सही घ्या. आमच्यातल्या कितीतरी आया सही करतात पण वाचू शकत नाहीत. त्या ९ जणींपैकी ६ जणींनी एप्रिलची सही संमतीची नव्हती असं स्वतः लिहून दिलंय, एकीने अंगठा दिलाय.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता आम्ही मुलींना घेऊन तो रस्ता पुन्हा चालणार आहोत. यावेळी १४ घरची माणसं आहेत. कार्यालयातल्या साहेबांना आणि त्या बाईंनाही निमंत्रण दिलंय, बाईंनी येते म्हटलंय. तुमच्या भागातही शाळांची अशी वाटणी सुरू असेल तर तुम्हीही या, एकमेकांचे कागद पाहता येतील. वस्तीच्या हनुमान मंदिराजवळ जमायचंय. पाण्याची बाटली आणि दुपट्टा आठवणीने घ्या, फाटकाजवळ उभं राहायला सावली नाही.