पाणलोट शिकवा, पण पाणी लागू देऊ नका

मुलांना पाणलोट क्षेत्र शिकवायचंय? मग आधी खिडक्या लावून घ्या. बाहेर पाऊस असेल तर पडदेही ओढा. मैदानावरचं पाणी कुठल्या कोपऱ्याकडे पळतंय हे एखाद्या पोराच्या ध्यानात आलं, तर ते प्रश्न विचारेल आणि तास लांबेल.

त्यापेक्षा व्याख्या द्या. ‘ज्या क्षेत्रावर पडलेले पाणी वाहत येऊन एकाच प्रवाहास मिळते, त्यास पाणलोट क्षेत्र म्हणतात.’ खाली रेघ मारा, घोकून घ्या. शाळाही कुठल्या तरी पाणलोटातच उभी आहे, हे मात्र चुकूनही बोलू नका. पाणलोट डोंगरात असतो. शाळा बसस्टॉपजवळ असते.

‘अपधाव’, म्हणजे जमिनीत न मुरता वाहून जाणारं पावसाचं पाणी, हा शब्द फळ्यावर लिहा आणि लगेच पुसा.

जलचक्राचं चित्र लावा. ढग, डोंगर, नदी, समुद्र, बाण. माणूस नको. यात तुम्ही एकटे नाही: 2019 साली ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात जलचक्राच्या 450हून अधिक आकृत्या तपासल्या होत्या, आणि त्यातल्या सुमारे 85 टक्के आकृत्यांमध्ये माणसाचा पाण्याशी काही संबंधच दाखवलेला नव्हता.

गणित तर मुळीच आणू नका. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढं कळलं की मुलं शाळेचं छत मोजायला निघतील. 500 चौरस मीटरचं छत आणि 20 मिलीमीटरची सर म्हणजे 10,000 लिटर. ते गेले कुठे, हे मग तुम्हालाच विचारतील.

प्रदूषण म्हटलं की कारखान्याचा पाइप दाखवा. आपण सुटतो. स्कूलबसखालचा तेलाचा डाग, हिरवळीवर मूठ मूठ फेकलेलं खत, गाडी धुतलेला फेस हे सगळं पहिल्याच सरीत वाहून जातं. पुढे त्या खतावर शेवाळ माजतं, ते मेलं की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि मासे मरतात. पण हे पाइपातून येत नाही, त्यामुळे चित्रात बसत नाही.

प्रकल्प मात्र हवाच, आणि तो थर्माकोलचाच हवा. नुकताच आमच्या घरी पार पडला. डोंगर थर्माकोलचा, नदी निळ्या ऑइल पेंटची, पाणी लखलखावं म्हणून वर चमकी, म्हणजे प्लास्टिकचाच चुरा. लेकीचं म्हणणं होतं, जाडसर कागद चुरगळून अर्धवट उलगडते, कडांवर पाण्यात विरघळणारी शाई लावते आणि वरून फवारा मारते. रंग आपोआप उतारांवरून ओघळून खळग्यांत जमतो. माथा कुठला, प्रवाह कुठला आणि घाण कुठे साचते, सगळं तिथेच दिसतं. शाळेतून उत्तर आलं, ‘प्रदर्शनात उठून दिसणार नाही.’ म्हणून थर्माकोल. पाहुणे आले, फोटो झाले, टाळ्या झाल्या. आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे डोंगर कुठे होते? शाळेमागच्या नाल्यात! ‘जलप्रदूषण थांबवा’ ही पाटी सगळ्यात वर तरंगत होती. ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन आवारातल्या जाळीत ओतलेलं. शाळेत विचारलं, तर म्हणे ‘पाऊस आला की जाईल वाहून.’

जाईल ना! अहो, वाहून जातं म्हणूनच तर हा धडा आहे! थर्माकोल कुजत नाही, त्याचे फक्त दाणे होतात, आणि ते दाणे मासे-पक्षी अन्न समजून गिळतात. पावसाळी गटारातलं पाणी बहुतेक ठिकाणी शुद्धीकरण केंद्रात जातच नाही, थेट नदीत जातं. हे शिकवणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर मुलांना गुण कसले देता?

आणि पालकहो, तुम्हीही पुरे करा. चमकी तुम्हीच आणली, रात्री जागून रंगवलंतही तुम्हीच, आणि पोरगी कागद चुरगळत होती तेव्हा ‘पसारा करू नकोस’ म्हणून ओरडलातही तुम्हीच. तो नाला उपसायला आता मुलांना पाठवू नका. हातमोजे घाला आणि स्वतः उतरा, मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन, पुढची सर यायच्या आत.