तू बारीक आहेस, तू मधे बस

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या टोळक्याने एक ठराव मंजूर केला होता, ‘तू बारीक आहेस, तू मधे बस.’ तेव्हा माझं वजन ५२ किलो होतं. आज ८१ आहे. देशाच्या घटनेत शंभरावर दुरुस्त्या झाल्या, पण या ठरावातला स्वल्पविरामसुद्धा हललेला नाही.

गणपती उठले की पाच जणांनी पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी गाठायची आणि आंबा घाट चढून कोल्हापूरला रस्सा ओरपून परत यायचं, असं ठरलं. गाडी अण्णाची, म्हणून स्टिअरिंग अण्णाचं. मास्तरचे पाय लांब, म्हणून तो पुढे. डॉक्टरला गाडी लागते, म्हणून त्याला डावी खिडकी. (हाच माणूस दवाखान्यात लोकांना उलटीच्या गोळ्या लिहून देतो.) उजव्या खिडकीवर वकिलाचा हक्क कुठून आला हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण हक्काच्या विषयावर वकिलाच्या तोंडी कोण लागणार?

मधल्या जागेवर कधी बसला नसाल तर सांगतो, तिथे जागा नसतेच. दोन सीटांची शिवण जिथे येते तिला जागा म्हणायचं. पायांखाली गाडीच्या पोटातून वर आलेलं एक टेकाड असतं, त्यामुळे गुडघे सारखे हनुवटीच्या भेटीला येतात. एसीचा झोत नेमका त्या गुडघ्यांवर. मांडीवर सगळ्यांचा शिधा: चिवड्याचा डबा, आलेपाक, पाण्याच्या बाटल्या. पुढून ‘ए, चिवडा!’ अशी आरोळी आली की डबा पुढे करायचा. मी सहलीला गेलो होतो असं घरचे समजतात. खरं तर मी टीपॉय म्हणून गेलो होतो.

ताम्हिणीचे धबधबे गणपतीनंतरही वाहत असतात म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की डावीकडे धबधबा आला की मला डॉक्टरचा कान दिसायचा आणि उजवीकडे दरी आली की वकिलाचा. ‘बघ बघ, काय सुंदर आहे!’ असं दोघेही मला प्रेमाने सांगत होते. समोर दोन सीटांच्या फटीतून वीतभर सह्याद्री दिसत होता, पण तो बहुतेक वेळ ‘आईवडिलांचा आशीर्वाद’ असं लिहिलेल्या एका टेम्पोने व्यापलेला. घाटाची वळणं मी बरगड्यांवर मोजली. गाडी डावीकडे वळली की डॉक्टर माझ्या अंगावर, उजवीकडे वळली की वकील. दोघांच्या खिशात मोबाइल कुठे असतो ते मला आता अंधारातही सांगता येईल.

हरिहरेश्वरला मुक्काम करून सकाळी बागमांडल्याच्या जेट्टीवर आलो. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे वेश्वी म्हणजे रत्नागिरी जिल्हा, आणि मधे फेरीबोट, गाडीसकट चढायची. मला हायसं वाटलं. बोटीच्या कठड्याला मधली जागा नसते! पण बोटीवरच्या पोऱ्याने ‘येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे’ करत आमची गाडी एका पिकअपला अशी चिकटवली, की डावं दार वीतभरच उघडत होतं आणि उजवं तेवढंही नाही. अण्णा आणि मास्तर आधीच खाली उतरलेले. डॉक्टर सराईतपणे निसटला. वकील माझ्या अंगावरून गेला. मी डबा, बाटल्या आणि ८१ किलो सांभाळत त्या फटीपाशी पोचेपर्यंत इंजिनाचा आवाज बदलला आणि कोणीतरी ओरडलं, ‘चला, गाडीत बसून घ्या!’ बाणकोटची खाडी मी पाहिली ती पिकअपमधल्या कोंबड्यांच्या पिंजऱ्यांतून. कोंबड्या माझ्याकडे आपलेपणाने बघत होत्या. विशेषतः मधली.

दाभोळला शहाणा झालो. जेट्टीवरच उतरलो आणि चालत बोटीवर चढलो. वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला लागेपर्यंत मी दोन्ही हात कठड्यावर पसरून उभा होतो. वर घारी, खाली खाडीचं मातकट पाणी, आणि वारा चक्क दोन्ही बाजूंनी लागत होता. डॉक्टर म्हणाला, ‘जरा सरक की.’ मी सरकलो नाही.

तवसाळहून जयगडला उतरल्यावर कोकण एकदम वेगळंच होतं. नारळ-पोफळी खाली राहतात आणि वर सडा लागतो, जांभ्या दगडाचं लांबच लांब सपाट पठार. उन्हाळ्यात तव्यासारखं तापणाऱ्या त्या कातळावर सप्टेंबरात बोटभर गवत आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. गणपतीपुळ्याहून पुढे उक्षीला कातळशिल्प बघायला थांबलो. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी त्या कातळात अख्खा हत्ती कोरून ठेवलाय. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, वगैरे माहिती मास्तर देत होता. ती कशासाठी कोरली असतील यावर वकील त्याच्याशी भांडत होता. मला दिसलं ते एवढंच, की हत्ती ऐसपैस पसरलाय आणि त्याच्या खांद्यावर मान टाकून कोणी घोरत नाहीये. मी बराच वेळ त्याच्यापाशी उभा राहिलो.

त्या हत्तीनेच बळ दिलं असावं. साखरप्याला घाटाआधी चहा झाला. पैसे कोणी द्यायचे यावर चौघांची नेहमीची चर्चा रंगली होती, तेवढ्यात मी टपरीवाल्याच्या हातात नोट कोंबली, सुटे न घेता पळत सुटलो आणि वकिलाच्या खिडकीत जाऊन बसलो. दार आतून लावून घेतलं. वकिलाने काचेबाहेरून बराच युक्तिवाद केला. शेवटी तो डॉक्टरच्या दाराने आत शिरला आणि टेकाडावर पाय ठेवून बसला. मी चिवड्याचा डबा रीतसर त्याच्या मांडीवर ठेवला.

आंबा घाट सुरू झाला आणि दोन वळणांत धुकं उतरलं. अण्णाने दिवे लावले, काच पुसली, शेवटी मास्तरला खिडकीतून डोकं काढून रस्त्याची पांढरी पट्टी शोधायला लावली. माझ्या काचेत पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

‘काय दिसतंय रे तिकडे?’ डब्यामागून वकिलाचा आवाज आला.

‘दरी! बाप रे, काय दरी आहे,’ मी म्हणालो. ‘आणि पलीकडे एक धबधबा. बघ बघ!’

वकिलाने मान लांब केली. मी कान जरा पुढे काढला.