झाडं नंतर मोजू, आधी माती मोजा

दरवर्षी कुठलं ना कुठलं शहर झाडांचा आकडा जाहीर करतं. दहा लाख, पन्नास लाख, कोटी. तीन वर्षांनी त्यातली किती जगली हे विचारायला गेलं की फाइल सापडत नाही. यावर चिडून लिहिणारे भरपूर आहेत, म्हणून तो राग मी आवरता घेतो. माझी तक्रार जरा वेगळी आहे. ती सगळी झाडं जगली असती, तरी आपण चुकीचीच वस्तू मोजत होतो.

मध्यंतरी एका आराखड्याच्या जनसुनावणीला गेलो होतो. ‘हरित पायाभूत सुविधा’, म्हणजे शहर थंड ठेवायचं आणि पाणी जिरवायचं काम झाडं, माती, बागांकडून करून घेणं, हे शब्द दर दोन मिनिटांनी येत होते. पडद्यावर रस्त्याच्या दुतर्फा डेरेदार झाडं आणि खालून सायकलवर जाणारं हसरं कुटुंब. (या चित्रांतल्या माणसांना कधीच घाम येत नाही.) मी विचारलं, या झाडांच्या मुळांना माती किती मिळणार आहे? साहेबांनी शेजारच्यांकडे पाहिलं, शेजारच्यांनी कागदांकडे. शेवटी उत्तर आलं, “ते कंत्राटदार बघतो.”

कंत्राटदार काय बघतो ते आपण रोज पाहतोच. मीटरभर लांबीरुंदीचा खड्डा, भोवती रोलर फिरवून दाबलेली खडी, वर पेव्हर ब्लॉक आणि थेट बुंध्याला टेकलेलं सिमेंट. झाडाची मुळं खोल पाताळात जातात हा आपला एक लाडका गैरसमज आहे. बहुतेक झाडांची अन्नपाणी घेणारी मुळं वरच्या मीटरभर मातीतच आडवी पसरतात, डेऱ्याच्या सावलीच्याही बाहेर जातात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. दाबलेल्या खडीत दोन्ही नसतं. मग झाड खुरटतं, नाहीतर फुटपाथ उचकटतं, नाहीतर एखाद्या वादळात आडवं होतं. आणि बातमीत दोष झाडाचा.

हे झाडाबद्दलच्या मायेपोटी सांगत नाही. शहर थंड ठेवण्याचं गणितच मातीवर बसलेलं आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास ०.६८ युनिट इतकी उष्णता लागते. युनिट म्हणजे विजेच्या बिलात असतं तेच. पुरेसं पाणी मिळालेलं मोठं झाड दिवसाला शंभर लिटर पाणी पानांतून हवेत सोडू शकतं. म्हणजे ६८ युनिट उष्णता. दीड टनाच्या एसीला एवढी उष्णता खोलीतून बाहेर काढायला साधारण तेरा तास चालावं लागेल, आणि तो ती गल्लीतच टाकणार, वर मोटारची आपली उष्णता घालून. झाड गल्लीत काही टाकत नाही, ती उष्णता वाफेबरोबर निघून जाते. हवा दमट असेल तर हा परिणाम कमी होतो, हेही खरं.

पण मातीत पाणीच नसेल तर झाड पानांची छिद्रं मिटून घेतं. वाफ बंद, गारवा बंद. उरते ती सावली. सावलीही मोलाचीच, पण ती छत्रीनेही मिळते. भर उन्हाळ्यात, ज्या दिवसासाठी हा सगळा खटाटोप, नेमक्या त्याच दिवशी सिमेंटात अडकलेलं झाड कामावर गैरहजर असतं.

पावसाचंही तसंच. एक हेक्टर जागेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की पाच लाख लिटर पाणी होतं, दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. भुसभुशीत माती असेल तर त्यातलं बरंचसं तिथेच जिरतं. फरशी असेल तर पन्नासच्या पन्नास टँकर एकदम गटारात जातात आणि आपण गटाराला शिव्या घालतो.

म्हणून मला बर्लिनचं कौतुक वाटतं. तिथे १९९४ पासून शहराच्या काही भागांत बांधकामाला एक गुणांक लावतात. प्लॉटच्या प्रत्येक चौरस मीटरला तो निसर्गाचं किती काम करतो त्यानुसार गुण. डांबर, काँक्रीट: शून्य. खालच्या जमिनीशी जोडलेली, झाडोरा असलेली माती: पूर्ण एक. तळघराच्या स्लॅबवर माती टाकून केलेली बाग असेल, तर मातीचा थर ८० सेंटिमीटरहून जास्त असेल तर ०.७, कमी असेल तर ०.५. या सगळ्या गुणांची बेरीज भागिले प्लॉटचं क्षेत्रफळ, हा झाला गुणांक. पार्किंगच्या छतावर हिरवळ अंथरून ‘इको’ पाटी लावणाऱ्याला ही पट्टी बरोबर पकडते. तिथे किती झाडं लावलीत हा पहिला प्रश्नच नाही. जमिनीला श्वास घ्यायला किती जागा ठेवलीत, हा आहे.

“जुन्या गजबजलेल्या रस्त्यावर माती आणणार कुठून?” हा प्रश्न रास्त आहे. स्टॉकहोमने त्याचं उत्तर फुटपाथच्या खाली शोधलं. खड्ड्यात मुठीएवढ्या, काही ठिकाणी त्याहून मोठ्या दगडांचा थर भरायचा. वरच्या वजनाचा भार दगड एकमेकांवर घेतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांत माती, हवा आणि मुळं राहतात. रस्त्याचं पाणीही तिथेच सोडतात. पुढे त्यात बायोचार, म्हणजे लाकडाफांद्यांपासून केलेला कोळसा, मिसळायला लागले. शहराच्याच बागांतला पालापाचोळा आणि छाटलेल्या फांद्या भट्टीत घालून तो करायचा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला. वरून पाहिलं तर साधा फुटपाथ. फोटो काढण्यासारखं काहीच नाही, आणि मला वाटतं हीच या कामाची राजकीय अडचण आहे. जमिनीखालच्या दगडांचं उद्घाटन कोण करणार?

आता दुसरी बाजू, कारण हिरव्या कामांचे भक्तही कमी नाहीत. चीनमध्ये २०१५ पासून ‘स्पंज शहरं’ उभारण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. रस्ते, बागा, तळी सगळ्यांनी स्पंजासारखं पाणी शोषायचं. त्यातलंच एक झेंगझोऊ. २० जुलै २०२१ रोजी तिथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला, भुयारी रेल्वेच्या डब्यांत पाणी शिरून माणसं गेली. लगेच ओरड झाली, कुठे गेला तुमचा स्पंज? ही ओरड मला अन्यायाची वाटते, पण तिच्यातलं तथ्य नाकारता येत नाही. माती, बागा, पाझर खड्डे रोजच्या आणि मध्यम पावसाला उत्तम. तासाला दोनशे मिलिमीटरला जगातली कुठलीही बाग पुरी पडणार नाही. तिथे पाण्याला जायला वाट आणि माणसांना वेळेवर इशारा, दोन्ही लागतं.

कोपनहेगनने हे नीट ओळखलं. २ जुलै २०११ च्या ढगफुटीत शहर बुडालं, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ढगफुटीचा आराखडा केला. काही रस्ते मुद्दाम असे उतरते करायचे की अतिवृष्टीत ते नालेच होतील. काही बागा खोलगट करायच्या, म्हणजे एरवी मुलं खेळतील आणि त्या दिवशी पाणी साठेल. आणि सोबत जमिनीखाली मोठे बोगदेही. हिरवं विरुद्ध काँक्रीट असा सामना त्यांनी लावलाच नाही. सिंगापूरमध्ये बिशान उद्यानात काँक्रीटचा २.७ किलोमीटरचा सरळ कालवा फोडून ३.२ किलोमीटरची वळणं घेणारी नदी केली, २०१२ मध्ये. जोराचा पाऊस आला की काठची हिरवळ नदीची, ओसरला की लोकांची. अर्थात त्यासाठी बाग आधीच तिथे असावी लागते आणि काठावर कुणी मजले चढवलेले नसावे लागतात.

या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट मात्र कुठल्याच चित्रात नसते. माळी. पाइप टाकला की दिवसेंदिवस जुना होतो, त्याची किंमत घटते. झाडाचं उलटं. लावलं त्या दिवशी ते जवळजवळ निरुपयोगी असतं आणि वीस-तीस वर्षांनी भरात येतं. पण अंदाजपत्रकात खड्डा खोदायला भांडवली पैसा भरपूर, आणि पुढच्या दहा वर्षांच्या पाण्याला, आळं मोकळं ठेवायला, पाझर खड्ड्यातला गाळ काढायला मात्र तुटपुंजी तरतूद. पाझर खड्डा गाळाने भरला की तो फक्त खड्डा.

कोलंबियातल्या मेडेयिनने २०१६ पासून तीस हरित पट्टे केले, रस्त्यांच्या आणि ओढ्यांच्या कडेने. तिथलं तापमान दोन अंशांच्या आसपास उतरल्याचं जगभर छापून आलं. त्यातली मला आवडलेली गोष्ट दुसरीच. गरीब वस्त्यांतल्या ७५ जणांना तिथल्या वनस्पती उद्यानाने बागकामाचं शिक्षण दिलं आणि या पट्ट्यांची निगा त्यांच्याकडे आली. शिकलेला माणूस, पगार, जबाबदारी. झाडं टिकण्याचा याहून पक्का उपाय मला तरी माहीत नाही.

वस्त्यांचा विषय निघालाच आहे तर एक खटकणारी गोष्ट सांगून टाकतो. ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांना उष्णतेचा त्रास सर्वांत जास्त, आणि झाडं बहुतेक वेळा आधीच हिरव्या असलेल्या भागात लागतात, कारण तिथे जागा असते आणि तक्रार करणारे इंग्रजीत पत्र लिहितात. बरं, वस्तीत बाग झालीच तर भाडी वाढतात. न्यूयॉर्कमध्ये २००९ साली जुन्या मालगाडीच्या उन्नत मार्गावर हाय लाइन ही सुंदर बाग सुरू झाली आणि भोवतालच्या जागांचे भाव चढत गेले. जुन्या भाडेकरूंच्या संरक्षणाचा कागद बागेच्या कागदाबरोबरच निघायला हवा. हे बोललं की लोक म्हणतात, तुम्ही विषय भरकटवता. मला तर हाच विषय वाटतो.

असो. आराखड्यांवर हरकती सूचना मागवतात तेव्हा मी आता तीनच गोष्टी लिहितो: प्रत्येक झाडामागे किती घनमीटर मोकळी माती, पावसाचं पाणी तिथे कुठल्या वाटेने येणार, आणि दहा वर्षं देखभालीचा पगार कुठल्या लेखाशीर्षातून. अजून एकदाही उत्तर आलेलं नाही.

एक काम करा. घरासमोरच्या रस्त्यावरचं एखादं झाड गाठा आणि बुंध्याभोवती किती जागा उघडी आहे ते टेपने मोजून कमेंटमध्ये टाका. आमच्या दारातल्याची मी काल मोजली. सगळ्या बाजूंनी अकरा सेंटिमीटर.