ओरखडे झुंज टाळण्यासाठी
वाघांच्या हद्दीवरचा तुमचा लेख वाचून वाघाची हद्द म्हणजे नुसती मारामारी असं वाटतं, ते काही पटलं नाही. झाडावरचे ओरखडे, झुडपांवर उडवलेलं मूत्र हा खटाटोप मुख्यतः झुंज टाळण्यासाठी असतो. वास ताजा असला की दुसरा वाघ बहुधा वाट बदलतो. (आपल्याकडे भाऊबंदकीत बांध कोरतात, त्यापेक्षा बरंच सभ्य!) खरी पंचाईत दोनेक वर्षांच्या नराची. आईची हद्द सोडायची, पण पुढे जावं तिथे कुणीतरी आधीच ठाण मांडून बसलेलं. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला 'वॉकर' नावाचा वाघ २०१९ मध्ये असाच निघाला, शेतं-रस्ते ओलांडत ३,००० किलोमीटरच्या आसपास चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात विसावला. तिथे भांडायला कुणी नव्हतं, पण वाघीणही नव्हती.