हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

"हापूस खाऊन कोय टाकू नका, केळ्यात खुपसून कुंडीत पुरा, दोन वर्षांत घरचा हापूस खा. नर्सरीचं कलम घेऊ नका, ते हायब्रीड असतं." हा मेसेज आणि त्याचा व्हिडिओ वाचून-बघून माझ्या मावशीने गुहागरच्या घरामागे लावायला सांगून ठेवलेली कलमं रद्द केली आणि तिथे कोयी पुरल्या. म्हणून लिहितोय, नाहीतर असले मेसेज मी डिलीट करतो आणि विसरतो.

आधी कलमाचं, कारण खरं नुकसान तिथेच आहे. कलम म्हणजे हायब्रीड नाही हो! रायवळची, म्हणजे गावठी आंब्याची, कोय रुजवून आलेल्या रोपावर हापूसच्या झाडाची काडी बांधतात, ती काडी वाढते, आणि वरचं सगळं झाड हापूसच असतं. संकर होतो तो बियांतून. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातूनच तयार होतो, त्यात हापूसला स्वतःच्या परागाने फळ फारसं धरत नाही, म्हणजे आई हापूस आणि बाप बहुतेक दुसराच कोणीतरी, पायरी असेल, शेजारचा रायवळ असेल. पुरावा पाहिजे तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने 1981 साली आणलेला रत्ना घ्या. नीलम आणि हापूसचा संकर. तो हापूसच्याच घरातला, तरी त्याला हापूस कोणी म्हणत नाही, वेगळं फळ, वेगळी जात, आणि त्याचीसुद्धा पुढे कलमंच करतात, कारण रत्नाच्या कोयीतून रत्ना येईल याची खात्री नाही. मेसेजवाले ज्या हायब्रीडची भीती घालतात ते त्यांनीच सांगितलेल्या कोयीतून निघतं, कलमातून नाही.

दोन वर्षांत फळ? कोयीच्या झाडाला पाच-सहा वर्षं धरून चाला, कधी आठ-दहाही लागतात. व्हिडिओत हातभर रोपाला आंबे लागलेत ते रोप कलमाचं आहे, बुंध्याजवळचा जोड दिसतो, पॉज करून बघा. काडी फळणाऱ्या जुन्या झाडाची असते म्हणून मोहर लवकर येतो, इतका लवकर की झाड अंग धरेपर्यंत पहिली काही वर्षं तो खुडायला सांगतात.

मेसेजमधलं केळं आणि व्हिडिओतला कोरफडीचा गर यांनी काहीही होत नाही. रुजायला लागणारं अन्न कोयीतच असतं, केळं नुसतं कुजतं आणि चिलटं होतात.

कोय सोलून आतली बी लावली की लवकर रुजते आणि ती वाळू द्यायची नाही, एवढं त्या मेसेजमधलं बरोबर आहे, मान्य. आणि केरळकडच्या ओलूर, चंद्रकरणसारख्या काही जातींच्या एका कोयीतून दोन-चार रोपं येतात, त्यातली बरीचशी आईसारखीच निघतात. पण हापूस त्यातला नाही, आणि मेसेज हापूसचाच आहे.

मावशी, पुरलेल्या कोयी उपटू नकोस, खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर काडी बांधतात ते रोप म्हणून, त्या कामाच्या आहेत. कोंब वर आला, पानं तांबूस कोवळी आहेत तोवरच त्यावर कोय कलम होतं. शेजारच्या चांगल्या धरणाऱ्या हापूसची काडी माग, तीन-चार महिन्यांची, आणि कलमं बांधणारा गावात कोणी ना कोणी असतोच, त्याला पाऊस आहे तोवर बोलावून घे.